पेटी कार्यालयात नको, वर्गात लावा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नंदुरबार
आणि मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, नंदुरबार व तळोदा, यांस



5 नोव्हेंबर 2025 रोजी राज्य सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या, तेव्हा दुर्गम जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली, धाराशिव, वाशीमसोबत नंदुरबारचे नाव होते. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. कोरोनाच्या काळात धडगाव-अक्कलकुव्याच्या कितीतरी पाड्यांवर रेंज नव्हती म्हणून ऑनलाइन शाळा पोचलीच नाही. तिथल्या मुलांसाठी या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत.

पण हे पत्र छपरावर बसणाऱ्या उपग्रहाच्या छत्रीबद्दल नाही. छत्रीपासून मुलाच्या हातातल्या टॅबपर्यंतचे जे शेवटचे पन्नास-साठ मीटर असतात, त्यांची आखणी अजून कोणी करताना दिसत नाही, म्हणून लिहितो आहे.

शाळेत नवे यंत्र आले की ते मुख्याध्यापकांच्या कार्यालयात बसते. तिथे कुलूप असते, लाइटचा पॉइंट असतो, डेडस्टॉक रजिस्टरही तिथेच असते. जबाबदारी ज्याच्यावर, तो असेच करणार. वाय-फायच्या पेटीच्या (ॲक्सेस पॉइंटच्या) बाबतीत मात्र यामुळे सगळी योजनाच वाया जाते. आपल्या आश्रमशाळांची बांधणी आठवा: एका रांगेत खोल्या, पुढे वरांडा, जाड विटांच्या भिंती, वर कुठे स्लॅब तर कुठे पत्रे. कार्यालयातून चौथ्या खोलीत पोचायला लहरींना तीन-चार भिंती ओलांडाव्या लागतात. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी त्याआधीच दमतात. 2.4 च्या पोचतात, पण क्षीण होऊन. टॅबवर एखादी काडी दिसते आणि धडा नुसता गोल फिरत राहतो, कारण पेटीचा आवाज टॅबपर्यंत आला तरी टॅबचा दुबळा आवाज पेटीपर्यंत परत जात नाही.

याहून वाईट म्हणजे अशा लांबच्या एका टॅबपायी जवळचे सगळे अडतात. वायरलेसमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दूरचा टॅब संथ गतीने बोलतो, तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचे. मग शिक्षक म्हणतात, नेट स्लो आहे. नेट ठीक असते, पेटी चुकीच्या जागी असते.

कार्यालय नको म्हटल्यावर पुष्कळ जण वरांड्यात पेट्या लावायला निघतील. तेही टाळावे. मोकळ्या वरांड्यात पेट्या एकमेकींना लांबवर ऐकू येतात आणि एकमेकींच्या आड येतात, वर्गात मात्र भिंतीतून गाळूनच लहर शिरते. 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. म्हणून पेटी वर्गाच्या आत, छताला, मुलांच्या डोक्यावर हवी. तिची ताकद कमी ठेवावी आणि शेजारच्या पेट्यांना वेगळे चॅनल द्यावेत. जिथे चाळीस मुले एकदम टॅब उघडणार, तिथे प्रत्येक वर्गाला एक पेटी. दोन लहान खोल्यांच्या जिल्हा परिषद शाळेत एकही पुरेल, पण ते मोजून ठरवावे, यादीवरून नव्हे.

प्रत्येक पेटीला स्वतंत्र केबल ओढा. भिंतीवर रिपीटर चिकटवणे सोपे पडते, पण त्यात वेग जवळपास निम्मा होतो. ज्या केबलमधून डेटा जातो त्यातूनच पेटीला वीजही देता येते, म्हणजे सातपुड्यात लाइट गेली तरी एका इन्व्हर्टरवर सगळे वर्ग चालू राहतात. अशी केबल शंभर मीटरपेक्षा लांब नको. एका इमारतीतून दुसरीत जाताना तांब्याची तार टाकू नका, फायबर टाका. आपल्याकडे मान्सूनच्या तोंडावर विजा कशा पडतात ते तुम्ही जाणता. अर्थिंगवर पैसे वाचवणे महागात पडेल.

सुरुवातीला छत्रीवरून येणारा वेग सगळ्या वर्गांना पुरणार नाही. एका साध्या व्हिडिओला 1 ते 2 एमबीपीएस धरले, तरी एका वर्गालाच चाळीस ते ऐंशी लागतील. म्हणून शाळेतच एक छोटा सर्व्हर ठेवा, रात्री त्यात दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचे धडे उतरवून घ्या आणि दिवसा मुलांना तिथून पाहू द्या. पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या शिक्षकांनी स्वतः केलेली ध्वनिमुद्रणे त्यात आली, तर पहिलीच्या पोराला शाळा आपली वाटेल. मला तर सगळ्या योजनेत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

कोरोनाची दुसरी लाट येण्याआधीच ऑक्सिजन प्रकल्प उभे करणारा हा जिल्हा आहे. आधी आखून काम करणे त्याला नवे नाही. म्हणून मागणी एवढीच: निविदा काढण्यापूर्वी धडगावची एक आश्रमशाळा आणि सपाटीवरची एक जिल्हा परिषद शाळा निवडा, नकाशावर भिंती, मुले, विजेचे पॉइंट मांडा आणि त्या आखणीत तिथल्या शिक्षकाला बसवा. ठेकेदाराचे बिल पेट्यांच्या संख्येवर काढू नका, प्रत्येक वर्गाच्या शेवटच्या बाकावर मिळणाऱ्या वेगावर काढा. केबलचे काम मे महिन्याच्या सुट्टीत उरकावे. मोजणी मात्र शाळा भरल्यावर, मुले बाकांवर बसलेली असताना करा, कारण माणसांची शरीरेही लहरी शोषून घेतात आणि रिकाम्या वर्गातले आकडे भरल्या वर्गात टिकत नाहीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, शहादा