फुलोऱ्यात ब्रेक

तुरीची कळी उमलायच्या आदल्या दिवशी पिवळी दिसू लागते. ती बोटांत अलगद धरायची, चिमट्यानं पाकळ्या बाजूला करायच्या आणि आतले दहाच्या दहा पुंकेसर काढून टाकायचे. एक राहिला तरी संकर फसला. मग नराचे परागकण लावायचे, देठाला रंगीत दोरा बांधायचा. माझा हात बसायला दोन हंगाम गेले. त्यानंतरही शंभर कळ्यांमागे पंधरा-वीस शेंगा धरल्या तरी मला आनंद व्हायचा.

तूर पैदासकार म्हणून ३० वर्षं काम करून मी निवृत्त झाले. ॲग्रीची हुशार मुलं संशोधनात थांबत नाहीत, सगळी एमपीएससीच्या मागं लागतात, ही तक्रार हल्ली सारखी कानावर येते. मुलांना दोष देणं मला पटत नाही. संकर केल्यापासून वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षं जातात. सहा-सात पिढ्या निवडीतच जातात, चाचण्या त्यापुढं. आणि हे काम ज्याच्या हातून होतं, त्याची ऑर्डर अकरा महिन्यांची! ती संपली की नवी येईपर्यंत सक्तीचा ब्रेक.

एका वर्षी आमच्याकडच्या कंत्राटी मुलाला ऐन फुलोऱ्यात ब्रेक मिळाला. एम.एस्सी. झालेला, शेतकऱ्याच्या घरातला. कुठल्या ओळीतलं कुठलं झाड मर रोगात तग धरून आहे, ते त्याला वही न उघडता सांगता यायचं. तुरीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात, शेजारचे पराग आणून टाकतात. म्हणून निवडलेल्या झाडांवर वेळेत जाळी घालावी लागते. मी बाहेरगावच्या चाचण्या पाहायला फिरतीवर होते. त्याची नवी ऑर्डर यायला तीन आठवडे लागले आणि जाळ्या गोदामातच राहिल्या. चार वर्षं शुद्ध करत आणलेल्या ओळी तेवढ्यात भेसळल्या. पुढच्या वर्षी तो बँकेत लागला. मी त्याला थांब म्हणाले नाही. कशाच्या भरवशावर म्हणणार होते?

माणसं टिकली तर काय हाती लागतं, तेही पाहा. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं २०१२ साली बीडीएन-७११ हा तुरीचा वाण दिला. आधीच्या बीएसएमआर-७३६ ला सहा महिने लागतात, हा साधारण १५५ दिवसांत निघतो. जमिनीतली ओल संपायच्या आत शेंगा भरतात. हलक्या रानात कोरडवाहू तूर घेणाऱ्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला या तीन-चार आठवड्यांची किंमत विचारा. वर्षानुवर्षं त्याच वाफ्यांत उभ्या राहिलेल्या माणसांनी ते मिळवलेत.

कृषी विद्यापीठांतल्या रिकाम्या जागा भरायलाच हव्यात. पण तोवर निदान पैदास योजनेतली नेमणूक पाच वर्षांची करा, म्हणजे अशा मुलाला आपण केलेला संकर शेतात उभा राहिलेला दिसेल. आणि तुरीवर काम करणाऱ्याला ब्रेक द्यायचाच असेल, तर मळणी उरकल्यावर द्या. त्यासाठी नवा निधी लागत नाही, ऑर्डरवरची तारीख तेवढी बदलावी लागते.