वॉशर हा दागिना नाही

मंडळी, आज भांडण एका अगदी फुटकळ वस्तूवरून आहे. इंजिन फ्रेमला ज्या बोल्टांनी बांधलेलं असतं, त्या बोल्टांखालचा वॉशर. मेकॅनिक ज्याला 'वायसर' म्हणतो तो. हसू नका. गेल्या काही वर्षांत आयटीतल्या निम्म्या लोकांना जुन्या बुलेटचं वेड लागलंय, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी या वायसरची पार वाट लावलेली आहे.

प्रकार असा. काकांची किंवा आजोबांची कास्ट आयर्न इंजिनवाली बुलेट गोठ्यातून नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यातून बाहेर निघते. फ्रेमला पावडर कोटिंग होतं. मग 'स्टेनलेस किट' येतं, म्हणजे चकचकीत नट, चकचकीत बोल्ट, चकचकीत वॉशर. आणि बुलेट थरथरते (ती थरथरणारच, एका सिलिंडरचं इंजिन आहे ते!) म्हणून कुणीतरी शहाणा सुचवतो, "माउंटिंगला रबरी वायसर टाक, एकदम स्मूथ होईल." फोटो झकास येतात. लाइक्सही मिळतात.

आता गंमत बघा. जुन्या बुलेटच्या फ्रेमला खालून पाळणा नाही. पुढचा तिरका पाइप खाली येतो आणि इंजिनपाशी संपतो. पुढे मागे लोखंडी पट्ट्या, आणि मधली रिकामी जागा भरून काढतो तो क्रॅंककेस. म्हणजे इंजिन फ्रेममध्ये नुसतं 'ठेवलेलं' नाही, इंजिन हाच फ्रेमचा तळ आहे. तिथला बोल्ट सैल होणं म्हणजे फ्रेम सैल होणं. हे कळलं की वॉशरकडे बघायची नजर बदलते.

बोल्ट नेमकं काय करतो? बहुतेकांना वाटतं की तो खुंटीसारखा आडवा अडकून वजन पेलतो. नाही. चांगला आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. तो ताणला जातो म्हणून पट्टी आणि क्रॅंककेस एकमेकांवर दाबले जातात, आणि त्या दाबातून आलेलं घर्षण इंजिनला जागेवर धरून ठेवतं. ताण गेला की घर्षण गेलं, आणि मग बोल्ट खरोखरच खुंटी बनतो. भोकात ठकठक करणारी खुंटी.

हा ताण किती नाजूक असतो त्याचा हिशोब करू. ८.८ दर्जाचा बोल्ट नीट आवळला तर त्यात साधारण ४०० मेगापास्कल ताण येतो. पोलादाची स्थितिस्थापकता सुमारे २,००,००० मेगापास्कल. भागाकार करा: ०.२ टक्के. म्हणजे आवळलेला भाग ५० मिलिमीटर असेल तर बोल्ट ताणला जातो फक्त ०.१ मिलिमीटर. बस्स, तुमचं सगळं भांडवल एवढंच. आता त्याच्याखाली मऊ वॉशर घाला आणि तो ०.०५ मिलिमीटर दबू द्या. जवळजवळ अर्धा ताण गेला! नट एक अंशानेही फिरलेला नाही, आणि जोड मात्र सैल.

आणि पावडर कोटिंग? त्याचा एक थर ६० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०६ ते ०.१ मिलिमीटर. वॉशरखाली एक थर, पट्टीच्या पलीकडे दुसरा. इंजिन तापतं, थर हळूहळू दबतो, बाजूला सरकतो. हिशोब तुम्हीच करा. जिथे वॉशर आणि पट्टी बसते तिथला रंग खरवडून धातू उघडा करायलाच हवा. "पण साहेब, कोटिंगचे पैसे दिलेत ना!" अरे, तिथलं कोटिंग वॉशरखाली झाकलं जाणार आहे, ते बघणार कोण?

रबराची गोष्ट तर याहून भारी. रबरावर इंजिन टांगणं हे काही पाप नाही. नॉर्टन कंपनीने १९६७ मध्ये कमांडो आणली, तिच्यात नेमकं हेच होतं. पण त्यांनी काय केलं बघा. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा स्विंगआर्म असा अख्खा संच एकत्र ठेवून तो फ्रेमपासून रबराने वेगळा केला, म्हणजे चेनची रेषा बिघडायचा प्रश्नच नाही. वर बाजूचा खेळ शिम घालून मोजूनमापून ठेवला. आयडलला ते इंजिन डोळ्यांना दिसेल इतकं हलतं, कारण रबर तेवढं मऊ ठेवलेलं आहे. कंपन अडवायचं तर त्या संचाची स्वतःची वारंवारता इंजिनच्या वारंवारतेच्या बरीच खाली असावी लागते, निदान १.४ पटींचं अंतर हवं. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे. दोन पट्ट्यांमध्ये चेपलेली दोन मिलिमीटरची रबरी चकती त्याच्या खाली जाऊच शकत नाही. ती कंपन अडवत नाही, फक्त बोल्टचा ताण खाते. आपल्या भाषेत सांगायचं तर हे एक्सेप्शन पकडून गप्प बसणं आहे. लॉगमध्ये काही दिसत नाही आणि प्रॉडक्शन मात्र पडतं.

राहता राहिलं स्टेनलेस. मडगार्डला लावा, नंबर प्लेटला लावा, माझं काही म्हणणं नाही. पण सर्रास मिळणारा ए२-७० दर्जाचा बोल्ट ४५० मेगापास्कलला कायमचा लांबायला लागतो, तर ८.८ चा साधा बोल्ट ६४० पर्यंत टिकतो. सुट्ट्या चकचकीत वॉशरवर तर कडकपणा कुठे लिहिलेलाच नसतो. शिवाय खाली ॲल्युमिनियमचा क्रॅंककेस. स्टेनलेस, ॲल्युमिनियम आणि कोकणातली खारी दमट हवा एकत्र आली की झिजतं ते ॲल्युमिनियम. वॉशर छोटा असल्यामुळे अख्खा क्रॅंककेस विरघळत नाही हे खरं, पण वॉशरच्या कडेला पांढरी भुकटी आणि खाली खड्डा, हे होतं. पितळ आणि तांब्याचं त्याहून वाईट. तांब्याचा वॉशर ऑइलच्या बोल्टाखाली शोभतो, कारण तिथे मऊपणाच हवा असतो.

स्प्रिंग वॉशर? गेऱ्हार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्येच दाखवून दिलं की बोल्ट सैल होतात ते मुख्यतः आडव्या सरकण्यामुळे. तशा चाचणीत स्प्रिंग वॉशर काही दिवे लावत नाही. आवळल्यावर तो सपाट होतो आणि साधा वॉशर बनतो. पण मेकॅनिकची श्रद्धा आहे, असो.

मग लावायचं काय? जस्ताचा मुलामा दिलेला, साधा, सपाट, कडक पोलादी वॉशर. ८.८ च्या बोल्टाला २०० एचव्ही कडकपणाचा, १०.९ च्या बोल्टाला ३०० एचव्हीचा. जस्त ॲल्युमिनियमच्या आधी स्वतः झिजतं, म्हणजे क्रॅंककेस वाचतो. ॲल्युमिनियमच्या बाजूला जाड आणि रुंद वॉशर घ्या, दाब पसरतो. आणि माप! स्टड तीन सुती, म्हणजे ३/८ इंची असेल, तर तो ९.५ मिलिमीटरचा. एम१० च्या वॉशरचं भोक १०.५. एक मिलिमीटर मोकळा, कसाही तिरका बसणार. नाना पेठेत किंवा नागदेवी स्ट्रीटला इंची वॉशर मागा. दुकानदार "चालतो हो हाच" म्हणेल, त्याला चालतो.

"एवढ्याशा वॉशरसाठी एवढं?" हो, एवढं. सैल जोडात पट्टी क्रॅंककेसच्या कानाला घासत राहते, भोक लांबट होतं, आणि एक दिवस कान तडकतो. क्रॅंककेस नवा आणाल हो, पण इंजिन नंबर त्याच्यावर कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. आजोबांची बुलेट कागदोपत्री आजोबांची राहावी म्हणून आरटीओच्या खेपा मारायच्या, त्यापेक्षा पंचवीस ग्रॅम साधं लोखंड स्वस्त पडतं.

आवळून झालं की नटावर आणि पट्टीवर मिळून लाल रंगाची एक रेघ मारा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना बघा. रेघ तुटली असेल तर नट फिरलाय. रेघ जुळलेली असली तरी टॉर्क रेंच लावून बघाच. नट आणखी फिरला, तर खाली काहीतरी दबलंय. तेव्हा परत खोला आणि आधी रंगाचा थर शोधा.