चीनमधील वैद्यकीय पदवी : प्रवेश सोपा, परतीची वाट अवघड

नवी मुंबईत नेरूळ आणि कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालये उभी आहेत. तरीही शहरातील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबे मुलामुलींना डॉक्टर करण्यासाठी चीनमधील विद्यापीठांची माहितीपत्रके चाळताना दिसतात. यामागचे गणित साधे आहे. २०२५ मध्ये 'नीट' परीक्षेला देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र त्या मानाने फारच कमी. शासकीय महाविद्यालय थोड्या गुणांनी हुकले की अभिमत विद्यापीठाचा पर्याय उरतो आणि तेथील एकूण शुल्क अनेक ठिकाणी एक कोटी रुपयांच्या पुढे जाते. त्या तुलनेत चीनमधील शिक्षण बरेच स्वस्त पडते.

परंतु शुल्काची तुलना हा या निर्णयाचा केवळ अर्धा भाग आहे. ती पदवी घेऊन भारतात रुग्ण तपासता येतील काय, हा उरलेला आणि अधिक महत्त्वाचा भाग होय. परदेशी वैद्यकीय पदवीधरांना २००२ पासून भारतात छाननी परीक्षा द्यावी लागते. तीनशे गुणांपैकी दीडशे मिळाल्याखेरीज येथे नोंदणी होत नाही. बीजिंगमधील भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये यासंबंधी दिलेली आकडेवारी बोलकी आहे. २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकलेले ४०,४१७ विद्यार्थी या परीक्षेला बसले; उत्तीर्ण झाले अवघे ६,३८७. म्हणजे शंभरातले सुमारे सोळा.

या अपयशाचे खापर केवळ विद्यार्थ्यांवर फोडणे योग्य नव्हे. प्राध्यापकांचे इंग्रजी आणि रुग्णांवर प्रत्यक्ष काम करण्याची अपुरी संधी या दोन अडचणींकडे दूतावासानेच लक्ष वेधले होते. इंग्रजीतून पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता, अशा शिक्षणासाठी चीन सरकारने त्या वेळी ४५ महाविद्यालये निश्चित केली होती. त्याबाहेरील संस्थेत किंवा द्वैभाषिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ नये, असा इशाराही देण्यात आला होता.

त्यातही भाषेचा प्रश्न कळीचा आहे. पाठ्यपुस्तक इंग्रजीत असले तरी वॉर्डातला रुग्ण चिनीतच बोलतो. त्यामुळे रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी चिनी भाषेची चौथी पातळी उत्तीर्ण होणे आवश्यक ठरविण्यात आले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. तेथील रुग्णांची सेवा करताना त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली होती. आजच्या विद्यार्थ्याचीही तिच्यातून सुटका नाही.

१८ नोव्हेंबर २०२१ रोजी लागू झालेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनी ही वाट आणखी अरुंद केली. त्यानंतर प्रवेश घेणाऱ्यासाठी किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम आणि त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता आवश्यक आहे. शिवाय भारतात पुन्हा वर्षभराची आंतरवासिता आहेच. सर्वांत कठीण अट परवान्याची. ज्या देशात पदवी मिळाली, तेथे त्या देशाच्या नागरिकांच्या बरोबरीने वैद्यकीय व्यवसाय करण्यास विद्यार्थी पात्र असला पाहिजे. प्रवेशाच्या वेळी या अटीची चर्चा क्वचितच होते.

करोनाच्या काळाने आणखी एक धोका उघड केला. २०२० च्या प्रारंभी मायदेशी परतलेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांना चीनने पुन्हा व्हिसा देण्यास ऑगस्ट २०२२ उजाडला. दरम्यान शिक्षण संगणकाच्या पडद्यावर चालू राहिले. आयोगाने मात्र केवळ ऑनलाइन झालेल्या वैद्यकीय शिक्षणाला मान्यता नसल्याचे फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. अनेक कुटुंबांसाठी पैसा आणि वर्षे दोन्ही टांगणीला लागली. दोन्ही देशांतील थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. प्रवास सुकर झाला, नियम मात्र तेच आहेत.

'आयोगाची मान्यता असलेले विद्यापीठ' ही प्रवेश सल्लागारांची जाहिरात पालकांना धीर देते. वस्तुतः आयोग परदेशी महाविद्यालयांची अशी मान्यताप्राप्त यादी काढतच नाही. नियम पाळले जातात की नाही, हे तपासण्याची जबाबदारी त्याने विद्यार्थ्यावरच टाकली आहे. अठरा वर्षांच्या मुलाकडून परदेशी कायद्याची छाननी अपेक्षिणे कितपत न्याय्य, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

तोवर पालकांच्या हाती एक साधन आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने छाननी परीक्षेचे संस्थानिहाय निकाल वेळोवेळी प्रसिद्ध केले आहेत. निवडलेल्या विद्यापीठातून किती विद्यार्थी बसले आणि किती उत्तीर्ण झाले, हे त्यात पाहता येते. अभ्यासक्रमाचा कालावधी, माध्यम, आंतरवासिता आणि परवाना या चार बाबींवर विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्यावे, सल्लागाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी एवढे केले, तर सहा वर्षांनंतरचा पश्चात्ताप टळू शकेल. कोटी रुपये वाचविण्याच्या नादात हाती येणारी पदवी भिंतीवर टांगण्यापुरतीच उरली, तर तो सौदा स्वस्त म्हणता येणार नाही.