आभारांची वेळ

सुख आणि आनंद हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. माझी आई तसे करीत नसे. "सुख न्हाई बाबा आपल्या घरात, पर आनंद हाय," असे ती म्हणे. निपाणीतल्या एका खोलीच्या घरात, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईच्या तोंडचे हे वाक्य लहानपणी मला नुसते समजुतीचे वाटे.

वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. ऐन पावसाळा, घरात उधारी आणि ओले सरपण. आठवडाही उलटला नव्हता, तोच आईने संध्याकाळी कंदिलाजवळ आम्हा भावंडांना बसविले आणि नेहमीसारखी आभारांनी प्रार्थना सुरू केली. मी उसळलो. "आभार कशाचे?" ती रागावली नाही. म्हणाली, "अरं, रडायचं ते रातच्याला त्याच्याफुडं रडून झालंय. आज हजार इड्या पुऱ्या झाल्या, तू साळंतनं आलास. त्याचं आभार नगं व्हय मानाय?"

त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. पुष्कळ वर्षे मी प्रार्थनेपासून दूरच राहिलो. प्रार्थना ही दुबळ्यांची गुंगी आहे, असे माझे मित्र म्हणत आणि मला ते पटे. आज पटत नाही. गुंगीतल्या माणसाला दुःख आठवत नाही. आईला आपले दुःख तारीखवार पाठ होते.

पण याच्या उलट चूक आम्ही ख्रिस्ती माणसेही करतो. शोकाकुल घरात जाऊन "रडू नका, विश्वास ठेवा" असे सांगणारे उपदेशक मी पाहिले आहेत. जणू अश्रू म्हणजे अविश्वासच! लाजराच्या थडग्यापाशी प्रभू येशू स्वतः रडला, हे ते विसरतात. स्तोत्रसंहितेत तर गाऱ्हाण्यांची स्तोत्रे कितीतरी आहेत. फिलिप्पै येथील मंडळीला पौलाने जे पत्र लिहिले त्यात आनंदाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो, आणि ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिले. बेड्या तुटल्यावर आनंद करा, असे तो सांगत नाही.

आपल्याकडे याची साक्ष पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात आहे. १८५८ मध्ये आजच्या कर्नाटकातल्या घाटमाथ्यावरच्या रानात त्या जन्मल्या. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुलींना जवळ केले आणि त्यातून केडगावचे 'मुक्ती' उभे राहिले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. अशा बाईला दुःख कळले नव्हते असे कोण म्हणेल? तिची प्रार्थना तिला दुःखातून बाहेर नेत नव्हती. त्यातच उभे राहून दुसऱ्याचे मूल उचलून घेण्याचे बळ देत होती. आनंद म्हणतात तो हाच असावा.

आणि हा आनंद एकट्याचा नसतो. आमच्याकडच्या उपासनेत रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने टाळ-पेटीवर गायिली जात. शेजारची माळकरी आजी दाराशी बसून ठेका धरी. शब्द वेगळे, चाल तिच्या ओळखीची!

मला हे सारे उशिरा उमगले. २०२० च्या टाळेबंदीत मी कोल्हापुरात होतो, आई निपाणीत. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. पण कोगनोळीचा नाका बंद. रोज संध्याकाळी सातला मी फोन करी. बेळगावात दिलेली मावशीही त्याच फोनवर येई. आई मराठीत प्रार्थना करी, मावशी कानडीत. सीमेचा वाद आमच्या आमेनपर्यंत कधी पोहोचला नाही. एकदा मी मुद्दाम विचारले, "आज कशाचे आभार?" आई म्हणाली, "नाका बंद हाय, पर फोन लागतोय न्हवं?"

त्याच पावसाळ्यात ती गेली. परवाना हाती आला तेव्हा तिची माती होऊन गेली होती. त्या संध्याकाळी सात वाजता मावशीचाच फोन आला. मला एक शब्द फुटेना. मावशीही रडत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आधी रडून घे. आभारांचं मग बघू."

आम्ही पुष्कळ रडलो. मग तिने कानडीत सुरुवात केली. मला सगळे शब्द कळले नाहीत, पण आईचे नाव कळले, आणि त्यामागचे आभार कळले. मनात जे हलले त्याला सुख म्हणता येणार नाही. पण आईचा तो दुसरा शब्द मात्र त्याला चालेल.