माफीचा मक्ता आमच्याकडेच का?

गेल्या महिन्यात वर्गात आमची एक कादंबरी शिकवून झाली. चार्ल्स चेस्नट या काळ्या अमेरिकन लेखकाची ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’, १९०१ सालची. शेवटच्या तासाला सरांनी प्रश्न टाकला, ‘डॉक्टर मिलर थोर की जॉश ग्रीन?’ म्हणजे माफ करणारा थोर की सूड घेणारा? आणि दोस्तहो, सगळा वर्ग मान वळवून माझ्याकडं बघायला लागला. मी शेवटून दुसऱ्या बाकावर. सूडाचा विषय निघाला की माना आमच्याकडं वळतात. माफीचा निघाला तरी आमच्याकडंच.

एक जण म्हणाला, ‘मिलर म्हणजे करुणा, जॉश म्हणजे जनावर.’ सरांनी मान डोलावली. मी गप्प बसलो. घरी येऊन चरफडलो. तिथं जे तोंडातून निघालं नाही ते इथं लिहितोय.

ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. वेलिंग्टन नावाचं अमेरिकेच्या दक्षिणेतलं गाव. डॉक्टर विल्यम मिलर हा काळा सर्जन. युरोपात शिकलेला, गावात काळ्यांसाठी हॉस्पिटल काढलेला. राहतो कुठं, तर मेजर कार्टरेट या गोऱ्या संपादकाच्या खानदानी वाड्यात. वाडा विकायला निघाला आणि काळ्यानं पैसे मोजून घेतला. हेच पहिलं दुखणं. मिलरची बायको जेनेट आणि कार्टरेटची बायको ऑलिव्हिया या सावत्र बहिणी. बाप एक, एकीची आई काळी, एकीची गोरी. बापानं जेनेटच्या आईशी रीतसर लग्न केलं होतं. त्या लग्नाचा कागद आणि बापाचं मृत्युपत्र ऑलिव्हियाच्या हाती लागतं. ती दोन्ही चुलीत घालते.

कार्टरेटच्या पेपरच्या ऑफिसात तिघं बसतात. एक संपादक, एक जनरल बेलमाँट, एक कॅप्टन मॅकबेन. मॅकबेन म्हणजे गुलामांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाचा पोरगा, कैद्यांच्या मजुरीच्या ठेक्यावर गबर झालेला. हे तिघं ठरवतात की काळ्यांना मतपेटीपासून आणि खुर्चीपासून हाकलायचं. पेपरातून रोज विष पेरायचं आणि मग एक दिवस बंदुका काढायच्या.

आता जॉश ग्रीन. गोदीवरचा हमाल. लहान असताना रात्री बुरखेवाले आले आणि त्याच्या बापाला मारून गेले. त्यांतल्या एकाचा बुरखा सरकला, पोरानं तोंड बघून ठेवलं. ते तोंड मॅकबेनचं. त्या रात्रीच्या भीतीनं जॉशची आई कायमची वेडी झाली. मिलर जॉशचा मोडलेला हात बसवतो आणि वर उपदेश करतो की बाबा, क्षमा कर. जॉश अडाणी माणूस, पण असा बोलतो की डॉक्टरची विद्या पांगळी होते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : हे विसरणं आणि माफ करणं एकाच बाजूचं कसं काय? काळ्यानं केलेलं गोरा कधी काही माफ करतो का? मग माफीचे धडे आम्हालाच का?

ही कादंबरी हवेतून आलेली नाही. वेलिंग्टन म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन. १८९८ साली तिथं काळ्यांची वस्ती गोऱ्यांपेक्षा जास्त. काळे नगरसेवक, काळे पोलीस, काळे वकील, काळ्यांचा स्वतःचा पेपर ‘डेली रेकॉर्ड’. गोऱ्या आणि काळ्या मतदारांनी मिळून निवडलेली पालिका. राजधानी रॅलेमधून जोसेफस डॅनियल्सचा ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ महिनोन् महिने व्यंगचित्रं छापत होता, काळा माणूस म्हणजे राक्षस, गोऱ्या बायकांवर झडप घालणारा. ‘डेली रेकॉर्ड’चा संपादक अलेक्झांडर मॅन्ली यानं ऑगस्टमध्ये उलटून लिहिलं की गोऱ्या बाईचं आणि काळ्या पुरुषाचं प्रेमही असू शकतं, आणि गोऱ्या पुरुषांनी काळ्या बायकांचं काय केलं तेही मोजा. झालं. तो अग्रलेख गोऱ्यांच्या पेपरांनी निवडणुकीपर्यंत पुन्हा पुन्हा छापला.

८ नोव्हेंबरला निवडणूक झाली. १० नोव्हेंबरला अल्फ्रेड मूर वॉडेल या माजी खासदाराच्या पाठीमागून हत्यारबंद जमाव निघाला. ‘डेली रेकॉर्ड’ची कचेरी जाळली, रस्त्यारस्त्यावर काळी माणसं मारली, पालिकेकडून राजीनामे लिहून घेतले आणि त्याच दिवशी वॉडेल महापौर झाला. मेले किती? राज्याच्या चौकशी आयोगानं २००६ साली अहवाल दिला, त्यालाही नक्की आकडा सांगता आला नाही. दोन हजारांवर काळी माणसं गाव सोडून गेली. शिक्षा एकालाही नाही. १९०० साली राज्यघटनेत दुरुस्ती करून साक्षरतेच्या परीक्षेची अट आणली आणि काळ्यांची मतं कापली. गोऱ्या अडाण्यासाठी मात्र पळवाट ठेवली : तुझा आजा १८६७ च्या आधी मत देत होता ना, मग तुला परीक्षा माफ. बघा, इथं माफी मिळाली!

आपल्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्या वेळी तिथं काळी माणसं मत देत होती, निवडून येत होती. पुण्यात बसून जोतीरावांनी ते ओळखलं, त्याचा आदर्श आपल्या लोकांपुढं ठेवला. पंचवीस वर्षांनी विल्मिंग्टनमध्ये त्याच मुक्तीचा गळा घोटला गेला. मला चेस्नटची कादंबरी त्या अर्पणपत्रिकेच्या पुढचं पान वाटते. वर्गात हे कोणी बोललं नाही.

सूडाबद्दल बोलायचं तर इथून सुरू करा. विल्मिंग्टनच्या काळ्यांनी गोऱ्यांचं काय बिघडवलं होतं? मत दिलं. पोलिसाचा डगला घातला. पेपर काढला. वाडा विकत घेतला. याचा सूड घेतला गेला. गुन्हा नाही आणि सूड मात्र पुरा, असा हा प्रकार. पण कादंबरीतले ते तिघं त्याला सूड म्हणत नाहीत. क्रांती म्हणतात. सुव्यवस्था म्हणतात. सूड हा शब्द ते जॉशच्या एका सुरीसाठी राखून ठेवतात. आमच्या वर्गानंही तेच केलं. शहर जाळणाऱ्यांबद्दल सरांनी प्रश्नच विचारला नाही.

दंगल पेटते तेव्हा जॉश माणसं गोळा करतो आणि डॉक्टर मिलरकडं, वकील वॉटसनकडं येतो. म्हणतो, तुम्ही शिकलेले, आमचं पुढारपण करा. दोघं नाही म्हणतात. उपयोग नाही, मरून जाल, नंतर आणखी हाल होतील. बरोबरच आहे त्यांचं. हिशेबानं बरोबर. जॉश हमालांना घेऊन एकटा पुढं जातो. मिलर गाडीत बसून बघत राहतो. आपण शहाणपण केलं हे त्याला पटलेलं आहे, तरी त्याला लाज वाटते आणि जॉशचा हेवा वाटतो.

दोस्तहो, हे पान वाचताना मी पुस्तक मिटलं. कारण तो मी आहे. तुम्ही आहात. स्कॉलरशिपवर शिकलो, इंग्रजी कादंबऱ्या वाचायला लागलो, ‘परिस्थिती अनुकूल नाही’ असं बोलायला शिकलो. आणि वस्तीत काही झालं की पुढं कोण असतं? हमाल, सफाईवाले, नाक्यावरची पोरं. केस त्यांच्यावर पडते. आपण नंतर त्यावर लेख लिहितो. हाही लेखच आहे, माहीत आहे मला.

आणि मिलरच्या शहाणपणानं काय वाचलं? हॉस्पिटल जळालं. त्याचा एकुलता एक पोरगा वाटचुकल्या गोळीनं मेला. लढणारा मेला आणि न लढणाऱ्याचं लेकरू मेलं. चेस्नटनं शहाण्याला कुठंच सूट दिलेली नाही.

पण मी जॉशच्या नावानं जिंदाबाद म्हणून मोकळा होत नाही. जळत्या हॉस्पिटलपाशी जॉश गोळ्या झेलत धावतो आणि मॅकबेनला भोसकून मरतो, तोंडावर हसू घेऊन. माझ्याही अंगावर काटा आला. मग रात्री विचार केला : मेला कोण? मॅकबेन. मुकादमाचा पोरगा. बाकीचे दोघं त्याला वापरत होते आणि पाठीमागं नाकं मुरडत होते. कार्टरेट जिवंत, बेलमाँट जिवंत, पेपरचा छापखाना जिवंत. जॉशची सुरी चाबूक धरणाऱ्या हातापर्यंत पोचली, लेखणी धरणाऱ्यापर्यंत नाही. खऱ्या इतिहासात तरी काय? डॅनियल्स १९१३ साली अमेरिकेचा नौदलमंत्री झाला. व्यवस्थेला एखादा मॅकबेन गमवायला काही वाटत नाही. दुसरा मिळतो.

आता ती माफी, जिच्यावर वर्ग फिदा झाला. कार्टरेटचं बाळ घशाच्या दुखण्यानं गुदमरतंय. गोरा डॉक्टर मिळत नाही. याच बाळासाठी पूर्वी एका गोऱ्या सर्जननं मिलरला मदतीला बोलावलं होतं, तेव्हा कार्टरेटनं त्याला आत घेतलं नव्हतं. आता तोच मिलरच्या दारात. मिलर त्याला स्वतःच्या पोराचं प्रेत दाखवतो आणि येत नाही म्हणतो. हा न्यायच आहे, हे कार्टरेटलाही कळतं. मग ऑलिव्हिया येते, मिलरचे पाय धरते. मिलर म्हणतो, माझ्या बायकोला विचार.

जेनेट काय करते? सरांच्या मते क्षमा करते. सर, नीट वाचा. पोराच्या प्रेतापलीकडं उभी असलेली बहीण आता म्हणते की तू माझी सख्खी, बापाचं नाव तुझं, इस्टेटीत वाटा तुझा. ज्या शब्दांसाठी जेनेट जन्मभर झुरली ते शब्द. आणि जेनेट ते सगळं तिच्या तोंडावर परत फेकते. नाव नको, पैसा नको, बहीणपण नको. सगळा हिशेब तोंडावर वाचून दाखवते आणि मग नवऱ्याला सांगते, जा. ती बाळाला जगू देते. बाळाच्या आईबापाला सोडत नाही.

नाही म्हणायची ताकद हातात असताना केलेली माफी वेगळी. आमच्याकडून जी मागतात ती वेगळी. आमच्याकडून मागतात ती गप्प बसण्याची दुसरी बाजू. आधी नाही म्हणण्याची सोय द्या, मग आमच्या दिलदारीची परीक्षा घ्या.

कादंबरी निघाल्यावर विल्यम डीन हॉवेल्सनं, म्हणजे तिथल्या साहित्याच्या तेव्हाच्या बड्या समीक्षकानं, तक्रार केली की पुस्तक फार कडू आहे. याच हॉवेल्सनं चेस्नटच्या आधीच्या कथा वाखाणल्या होत्या. पुस्तक खपलं नाही. लेखनावर जगायला निघालेला चेस्नट पुन्हा क्लीव्हलँडमध्ये लघुलेखनाच्या धंद्याला लागला. चेस्नटची कातडी इतकी उजळ होती की गोरा म्हणून सहज खपला असता. खपला नाही, काळा म्हणूनच राहिला. गाव जाळणाऱ्यांना मंत्रिपद, जळाल्याचं लिहिणाऱ्याला कडवटपणाचा शेरा. ‘तुम्ही लोक फार कडवट लिहिता’ हे वाक्य आपल्यातल्या कोणी ऐकलेलं नाही? मला तर निबंधाच्या मार्जिनमध्ये लाल शाईनं मिळालं आहे.

तेव्हा मिलर की जॉश, याचं माझं उत्तर असं. प्रश्नच लबाड आहे. सुरी आणि क्षमा या दोन चिठ्ठ्या आमच्यापुढं टाकून उचला म्हणतात, आणि शहर कोणाच्या ताब्यात आहे ते विचारू देत नाहीत. मॅकबेन मेला आणि बाळ वाचलं, तरी विल्मिंग्टनची मतं परत आली नाहीत. नॉर्थ कॅरोलायनाचा काळा खासदार जॉर्ज हेन्री व्हाइट १९०१ साली संसदेतून बाहेर पडला. त्या राज्यातून पुढचे काळे खासदार निवडून आले ते १९९२ साली. एक्क्याण्णव वर्षं! ती मतं कोणाच्या मोठ्या मनामुळं आली नाहीत आणि कोणाच्या सुरीमुळंही नाहीत. रस्त्यावर आणि कोर्टात पिढ्यान् पिढ्या भांडून, मार खाऊन, १९६५ चा मतदान हक्काचा कायदा पदरात पाडून घेतल्यावर आली. म्हणून मला मतदारयादीचा, छापखान्याचा, खुर्चीचा हिशेब पाहिजे. तो चुकता झाल्यावर कोणाला माफ करायचं ते आम्ही बघू.

ही गोष्ट मी रात्री आईला सांगितली. ती भाकऱ्या थापत होती. जॉशच्या वेळी काही बोलली नाही, जेनेटच्या वेळी थांबली. मी म्हटलं, ‘मग डॉक्टर निघाला. गोऱ्याच्या जिन्यावर पोचला. वेळ आहे अजून, पण थोडाच, असं वरून कोणीतरी म्हणतं. तिथंच संपतं.’

आईनं विचारलं, ‘आन् त्या बाईपाशी कोन थांबलं? घरात पोराचं मढं, नवरा दुसऱ्याच्या पोराकडं.’

मी पुस्तक उघडून बघितलं. लेखक कार्टरेटच्या जिन्यावर थांबलाय. जेनेटच्या घरात कोण होतं ते लिहिलेलं नाही.

पुढच्या तासाला मी हात वर करणार आहे. आणि हाच प्रश्न विचारणार आहे.