आधी आपले गाव पाहू या

सहल म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे मुंबई, महाबळेश्वर, वेरूळ अशी नावे उभी राहतात. सहलीची फी भरता आली तर नाव नोंदवायचे, नाहीतर घरी बसायचे. वर्गातील कितीतरी मुले दरवर्षी अशीच मागे राहतात. मुलींचे तर आणखी अवघड! सहल मुक्कामाची असली की घरून परवानगी मिळत नाही. म्हणून माझे मत असे आहे, की शाळेची पहिली सहल आपल्याच गावाची असावी. सकाळी डबा घेऊन निघावे आणि मगरिबच्या आधी घरी परतावे. अशा सहलीला सगळा वर्ग येऊ शकतो.

"पण सर, आमच्या गावात पाहण्यासारखे आहे तरी काय?" असे मुले विचारतात. आपण नगरचेच उदाहरण घेऊ. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने हे शहर वसवले, म्हणून त्याचे नाव अहमदनगर पडले. २०२४ मध्ये त्याचे नाव अहिल्यानगर झाले. लोकांच्या तोंडी मात्र ते अजूनही 'नगर'च आहे.

शहरापासून सुमारे १३ किलोमीटरवर, एका उंच डोंगरावर तीन मजल्यांची अष्टकोनी दगडी इमारत दिसते. सगळे तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. प्रत्यक्षात तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. डोंगर चढून गेले, की मोकळा वारा लागतो आणि दूरवरचा मुलूख नजरेत भरतो. पण त्याहून मोठा लाभ म्हणजे खरी गोष्ट कळते. ऐकीव नाव आणि खरा इतिहास यांत किती फरक असतो, हे तिथे उभे राहिल्यावर चांगले समजते.

याच सलाबतखानाने १५८३ मध्ये शहराजवळचा फराहबाग पूर्ण केला. मोठ्या तलावाच्या मधोमध बांधलेला तो महाल होता. जुन्या काळी नगरला खापरी नळांनी दुरून पाणी येत असे. उन्हाळ्यात पाण्यासाठी हंडे घेऊन रांगेत उभे राहणाऱ्या मुलांनी ही जुनी पाणीयोजना समजून घेतली, तर इतिहास आणि विज्ञान या दोन्ही विषयांचा अभ्यास होईल. आज तलाव आटला आहे आणि महालाची पडझड झाली आहे. ते पाहून वाईट वाटते. पण असे वाईट वाटणेही आवश्यक आहे. जे आपण पाहिलेच नाही, ते ढासळले तरी आपल्याला दुःख होत नाही.

चांदबिबीला भेटायचे असेल, तर भुईकोट किल्ल्याकडे जावे. १५९५-९६ मध्ये मोगल फौजेने या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांदबिबीने स्वतः उभे राहून रातोरात ते खिंडार बुजवून घेतले. याच किल्ल्यात १९४२ साली इंग्रज सरकारने पंडित नेहरू, मौलाना अबुल कलाम आझाद आदी नेत्यांना कैदेत ठेवले. मौलानांच्या 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रे तुमच्या परिचयाची असतील. कोठडीतल्या चिमण्यांची ती गमतीदार हकिकत याच किल्ल्यातली! उर्दूच्या पुस्तकात वाचलेला धडा आपल्या जिल्ह्यात घडलेला आहे, हे कळल्यावर कोणाला अभिमान वाटणार नाही?

काहीजण म्हणतील, "दूर गेल्याशिवाय जग कसे कळणार?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. ऐपत असेल त्याने दूर जरूर जावे. पण परगावी कोणी विचारले, "तुमच्याकडे काय आहे?" तर मान खाली घालण्याची वेळ येऊ नये.

मात्र पाहायला जाताना अदब हवी. सलाबतखानाची इमारत ही कबर आहे, तिथे आरडाओरडा शोभत नाही. भिंतींवर कोळशाने नावे लिहू नयेत. कागद आणि पिशव्या परत आणाव्यात. तिथल्या वडीलधाऱ्यांना जुन्या गोष्टी विचाराव्यात. नगरमधील लोक मराठीत सांगतील, दखनीत सांगतील. दोन्ही भाषा आपल्याच आहेत. ऐकलेले वहीत लिहून ठेवावे आणि पुस्तकाशी ताडून पाहावे.

मुलांनो, तुम्ही नगरचे नसाल, तरी तुमच्या गावाजवळ एखादी गढी, जुनी बारव, दर्गा, तलाव किंवा टेकडी असेलच. येत्या रविवारी तिथे जा. आपले गाव ज्याने डोळे उघडून पाहिले, तोच उद्या ते जपेल.