दुरुस्ती येते तोच मालक

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख संगणकांचे पडदे एकाएकी निळे पडले. विमाने जमिनीवर खिळली, अनेक देशांत रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हा शत्रूचा हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या आज्ञावलीत एका ठिकाणी २१ रकाने गृहीत धरले होते, प्रत्यक्षात २०च पुरवले गेले. एकविसावा रकाना वाचायला गेलेला ड्रायव्हर, जिथे त्याने जाऊ नये तिथे गेला आणि यंत्रे कोसळली. ज्यांची यंत्रे बंद पडली, त्यांच्यापैकी कोणालाही ती चूक स्वतः उघडून पाहण्याची मुभा नव्हती. तंत्रज्ञानातील पारतंत्र्य म्हणतात ते हेच.

गाभ्यातील दुभाषी

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. प्रिंटर, कॅमेरा, वाय-फाय, बोटांचे ठसे घेणारे यंत्र अशा प्रत्येक उपकरणाशी बोलण्यासाठी कर्नलला एक दुभाषी लागतो, त्याचे नाव ड्रायव्हर. साधी आज्ञावली चुकली तर ती एकटीच बंद पडते. ड्रायव्हर मात्र गाभ्यातच राहत असल्याने त्याची चूक सारे घर खाली आणते. लिनक्स कर्नलचा विस्तार आज सुमारे ४ कोटी ओळींच्या घरात आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्याच आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सची तपासणी केली, तेव्हा उर्वरित कर्नलच्या तुलनेत ड्रायव्हरांमध्ये चुकांचे प्रमाण तीन ते सात पट आढळले होते.

या चुका बहुधा गूढ नसतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरचे उदाहरण घ्यावे. पंगतीला बसणारा प्रत्येक जण ताट घेतो आणि जेवण झाल्यावर ते परत करतो, म्हणून हजारोंच्या पंगती अखंड चालतात. एखादा मध्येच उठला आणि ताट बाहेर घेऊन गेला, तर एका वेळी काही बिघडत नाही. रोज शेकडो जण तसेच करू लागले, तर संध्याकाळपर्यंत ताटे संपतील. उपकरण जोडताच ड्रायव्हर कर्नलकडून स्मृतीचा तुकडा मागून घेतो. पुढची पायरी फसली आणि तो तुकडा परत न करताच तो बाहेर पडला, तर हेच होते. महिनाभर अखंड चालणारे यंत्र एके दिवशी थांबते आणि कारण कोणालाच सापडत नाही. दुरुस्ती अनेकदा दोन-तीन ओळींची असते, पण ती जागा शोधण्यास चिकाटी लागते.

दोन बहिष्कार, दोन परिणाम

जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले, करार झालेला, कंपनी भारतीय भूमीवर चालणारी; तरीही ईमेल बंद. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर त्या सेवा पूर्ववत झाल्या.

त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, लिनक्स कर्नलची देखभाल करणाऱ्यांच्या अधिकृत यादीतून रशियाशी संबंधित सुमारे डझनभर नावे वगळण्यात आली. त्यांतील अनेक जण ड्रायव्हरांचेच काम पाहत होते. नियमपालनाची आवश्यकता एवढेच कारण देण्यात आले आणि लिनसच्या, म्हणजे मूळ निर्माते टॉरवाल्ड्स यांच्या, पाठिंब्याने तो निर्णय कायम राहिला. मुक्त म्हणवणारे जगही राजकारणापासून मुक्त नाही, हा धडा भारतीयांनी विसरू नये.

मात्र या दोन घटनांतील भेद अधिक महत्त्वाचा आहे. नायराच्या हाती काहीच उरले नव्हते. रशियन अभियंत्यांची नावे यादीतून गेली, पण कर्नलची प्रत्येक ओळ, ती बदलण्याचा परवाना आणि ती दुरुस्त करण्याची विद्या त्यांच्यापाशीच राहिली. यादीतून नाव खोडता येते, अंगी मुरलेले कौशल्य खोडता येत नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो क्रे महासंगणक नाकारला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे सुपुत्र डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. संगणकांना परस्परांशी जोडणारे 'परमनेट' हे जाळेही सी-डॅकने पुढे स्वतःच घडवले. याच संस्थेची 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली मात्र लिनक्सच्याच पायावर उभी आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. पण पाटी आपली आणि पायाची डागडुजी परक्यांकडे, अशी स्थिती राहिली तर त्या पाटीला अर्थ उरत नाही. आज देशात शक्ती आणि वेगा हे प्रोसेसर आकार घेत आहेत. त्यांच्याभोवतीच्या प्रत्येक उपकरणाला ड्रायव्हर लागणार आहे. ते लिहिणार कोण आणि सांभाळणार कोण?

उपकरण ज्याच्या हाती

येथे नांदेड आणि लातूर यांचा विचार येतो. नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तेथेच आहे आणि त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. लातूर पॅटर्नची ख्याती तर सर्वत्र आहे. तरीही पदवी हाती पडताच मुलगा पुण्याची किंवा हैदराबादची गाडी पकडतो, कारण मोठे काम मोठ्या शहरातच होते असा समज घरोघरी रुजला आहे.

ड्रायव्हरच्या कामाला हा समज लागू पडत नाही. ज्या उपकरणात दोष आहे ते हाती असल्याखेरीज दुरुस्ती तपासता येत नाही, हा या कामाचा पहिला नियम. भारतीय बाजारात विकला जाणारा स्वस्त प्रिंटर किंवा वाय-फायची काडी अमेरिकेतील वा युरोपातील तज्ज्ञाच्या टेबलावर नसते. ती नांदेडच्या दुकानात आणि लातूरच्या महाविद्यालयातील अडगळीच्या खोलीत असते. म्हणजे त्या दोषावर अधिकाराने बोलू शकणारा माणूस येथेच आहे.

कामाची रीतही परिश्रमी विद्यार्थ्याला साजेशी आहे. कालपर्यंत चालणारे उपकरण नव्या आवृत्तीत बंद पडले आणि मध्ये हजार बदल झाले असतील, तर हजारही तपासावे लागत नाहीत. मधली आवृत्ती चालवून पाहायची, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवायचे, मग त्याचेही दोन भाग करायचे. सुमारे दहा फेऱ्यांत नेमका बदल हाती लागतो. यासाठी जुना संगणक पुरतो. पुढे सी भाषा आणि उपकरणाचे माहितीपत्रक वाचण्याची सवय हवी. विनोद कौल आणि विरेश कुमार यांसारख्या भारतीय अभियंत्यांनी कर्नलच्या महत्त्वाच्या विभागांची जबाबदारी वर्षानुवर्षे सांभाळली आहे.

परक्यांचे काम फुकट का करावे, असा प्रश्न काही जण विचारतील. उत्तर सोपे आहे. ज्या कर्नलवर देशातील असंख्य सर्व्हर आणि बहुसंख्य मोबाइल चालतात, तो परका राहिलेला नाही. शिवाय दुसऱ्याच्या कर्नलमध्ये हात मळलेला तरुणच उद्या स्वदेशी प्रोसेसरचा ड्रायव्हर लिहू शकेल.

अर्थात लातूर पॅटर्नलाही येथे एक पायरी चढावी लागेल. परीक्षेतील प्रश्नाचे उत्तर कोठेतरी आधीच छापलेले असते, दोषाची उत्तरपत्रिका नसते. पाठवलेली दुरुस्ती दोनदा, चारदा परत येते आणि त्रुटी चारचौघांत दाखवल्या जातात. गुणांची सवय झालेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना हे जड जाईल, पण अभियंता घडतो तो याच भट्टीत.

म्हणून महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा पुनर्विचार करावा. विकत आणलेला, दरवर्षी मुखपृष्ठ बदलून सादर होणारा प्रकल्प कोणाला नवा आहे? त्याऐवजी एका ड्रायव्हरमधील एक खरा दोष शोधून, दुरुस्त करून, मुख्य कर्नलमध्ये स्वीकारला जाईपर्यंत पाठपुरावा करणे हाच प्रकल्प धरावा. स्वीकृत दुरुस्तीखाली करणाऱ्याचे नाव कायमचे नोंदले जाते आणि ते जगात कोणालाही पडताळता येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण आधार संपला. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे कितीतरी जुने संगणक आहेत. लिनक्सवर ते आणखी काही वर्षे मुलांच्या कामी येतील, त्यांच्या उपकरणांचे ड्रायव्हर नीट असतील तर. कामाची सुरुवात तेथूनच, गावातल्या शाळेच्या संगणक कक्षापासून व्हावी.